मतदार : प्रथमेत की चतुर्थीत?

निवडणुकीच्या प्रचाराला वाङ्मय म्हटले तर पंडित नाक मुरडतील. पण ज्या शब्दांनी लक्षावधी माणसे घराबाहेर पडतात, त्यांची परीक्षा टीकाकाराने नाही करायची तर कोणी? मी मराठीचा मास्तर. तेव्हा ती व्याकरणाने करतो.

१९५७ ची निवडणूक घ्या. संयुक्त महाराष्ट्र समितीपाशी सत्ता नव्हती. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ होता आणि अमर शेख, गवाणकर, अण्णा भाऊ साठे यांचा डफ होता. अण्णा भाऊंची मैनेची छक्कड पाहा. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो आणि पाहता पाहता ही ताटातूट बेळगाव-कारवारला मुकलेल्या महाराष्ट्राची होते. गिरणीकामगाराला राजकारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याचेच दुःख त्याच्या हाती मत होऊन येते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. विदर्भ-मराठवाड्यात मात्र हा डफ तितका घुमला नाही आणि राज्य काँग्रेसचेच राहिले. गाण्यालाही शीव असते.

आता २०२४ ची विधानसभा. तिच्यातली सर्वांत परिणामकारक कविता दोन शब्दांची : ‘लाडकी बहीण’. जुलैपासून दरमहा १,५०० रुपये, पहिले हप्ते राखीपौर्णिमेच्या तोंडावर. विरोधकांनी महालक्ष्मीच्या नावाने ३,००० कबूल केले. पण आकडा दुप्पट करता येतो, नाते करता येत नाही. २८८ पैकी २३० जागा सत्तेवरील तीन मुख्य पक्षांना मिळाल्या. सारे श्रेय एका योजनेला देणे भाबडेपणाचे होईल. आणि जिच्या नावावर कधी पैसा आला नव्हता तिच्या पदरी तो पडला, याला लाच म्हणून हिणवणेही मला पटत नाही.

माझा आक्षेप पैशाला नाही, शब्दाला आहे. भाऊबीजेची ओवाळणी भाऊ स्वतःच्या खिशातून घालतो. हा पैसा साबणाच्या वडीवरही कर भरणाऱ्या तिचाच. शिवाय भावाकडे हिशेब मागणे बरे दिसत नाही. सरकारकडे तो मागायचाच असतो. छक्कडीतला मतदार प्रथमेत आहे, तो कर्ता आहे. योजनेच्या नावात तो चतुर्थीत जाऊन बसतो. त्याला काहीतरी द्यायचे असते, एवढेच.

भगिनींनो, भावाची ओवाळणी यंदाही हौसेने घ्या. सरकारी पैसा घेताना मात्र तो हक्काचा म्हणून घ्या आणि पुढच्या प्रचारसभेत प्रश्न विचारायला उभ्या राहा.