‘बंड’, ‘समर’ आणि ‘विद्रोह’ : संज्ञांचा पक्षपात

१८५७ च्या घटनेसाठी मराठीत रूढ झालेल्या संज्ञा तटस्थ नाहीत. ‘बंड’ ही संज्ञा प्रस्थापित सत्तेची अधिमान्यता गृहीत धरते. ‘स्वातंत्र्यसमर’ ती नाकारते. त्यामुळे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’च्या उपशीर्षकातील ‘बंडाची हकीकत’ हे शब्द वसाहतवादी दृष्टीचे निदर्शक ठरवण्याचा मोह होतो. हा निष्कर्ष घाईचा होय. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक संपादून प्रसिद्ध केले. त्यानंतर दोनच वर्षांनी सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर प्रसिद्धीपूर्वीच बंदी आली. अशा काळात मुखपृष्ठावरील शब्द लेखकाच्या मनाचा पुरावा कसा मानावा? शिवाय वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते, हेही विसरता येत नाही.

गोडसे हे द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेलेले वरसईचे भिक्षुक. झाशीच्या वेढ्यात ते सापडले. राणीविषयीचा त्यांचा आदर आणि शहरातील कत्तलीचे त्यांनी केलेले वर्णन वाचल्यावर ‘बंड’ या शब्दातील निंदाव्यंजकता गळून पडते. संज्ञेचा अर्थ येथे कोशापेक्षा निवेदनच ठरवते.

पुढे दलित साहित्याने ‘विद्रोह’ हा शब्द स्वतःहून स्वीकारला. १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन भरले. येथे नाव देणारा आणि नाकारणारा एकच आहे. ‘बंडखोर’ मात्र वृत्तपत्रांनी उमेदवारी न मिळालेल्या पुढाऱ्यांना बहाल केला. ही घसरण काही इंग्रजी दप्तराने घडवलेली नाही.