पाठटाचणातलं चुकीचं उत्तर

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, की पाठटाचणाचा आणि तत्त्वज्ञानाचा संबंध काय. आहे, आणि तो चांगलाच जुना आहे. बी.एड.ला ज्याची पंचपदी घोकून घेतली जाते तो हर्बार्ट मुळात तत्त्वज्ञ. १८०९ साली तो कोनिग्सबर्गला कान्टच्या अध्यासनावर गेला. त्याने पायऱ्या सांगितल्या चार; पाच केल्या त्या झिलर, राइन या अनुयायांनी. आपल्याकडे आली ती अनुयायांची आवृत्ती: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन. पुढे तिला ब्लूमची उद्दिष्टं जोडली. ब्लूमचं १९५६चं वर्गीकरण मुळात परीक्षकांच्या सोयीसाठी निघालं होतं, हेही आपण विसरलो.

आमची तक्रार पायऱ्यांवर नाही. नवख्या माणसाला कठडा लागतोच. तक्रार आहे ती 'विद्यार्थी कृती' या रकान्यावर. बघा, त्यात काय लिहिलेलं असतं? 'विद्यार्थी उत्तर देतात.' आणि ते उत्तर कायम बरोबर! म्हणजे मूल वर्गात यायच्या आधीच त्याचं बोलणं आपण लिहून ठेवलं.

आता वर्गात बाई विचारतात, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मुलगा म्हणतो, एक चतुर्थांश. कारण तीनापेक्षा चार मोठे. चूक आहे, पण तिला कारण आहे. पूर्णांकांचा नियम त्याने अपूर्णांकाला लावला. टाचणात याला जागाच नाही, म्हणून बाई म्हणतात, "बरं, दुसरं कोण सांगेल?"

गंमत अशी की हर्बार्टला हे ठाऊक होतं. १८०२च्या व्याख्यानात तो म्हणाला होता, की सिद्धांत आणि प्रत्यक्ष कृती यांच्या मधे शिक्षकाचं तारतम्य असतं. त्याच्या पायऱ्या आपण घेतल्या, तारतम्य तिथेच राहिलं.

प्रशिक्षणात हे शिकवता येतं. एक प्रश्न घ्या, मुलं देतील अशी तीन चुकीची उत्तरं आधी लिहा, प्रत्येकामागचा विचार शोधा, आणि त्या मुलाला पुढचा प्रश्न कोणता विचाराल ते ठरवा. चाळीस रकाने भरण्यापेक्षा हे अवघड आहे. विगिन्स आणि मॅकटाय यांची १९९८ची उलट्या दिशेची आखणी याच्या जवळ जाते. आधी समजल्याचा पुरावा ठरवा, पाठ नंतर. पण तिचाही छापील तक्ता झाला, की संपलंच.

सराव पाठांना आम्हीही निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसलो आहोत. एक छात्राध्यापिका अशाच उत्तरावर थांबली. म्हणाली, "एक भाकरी तिघांत वाटायची आणि तेवढीच चौघांत. तू कुठं जेवायला बसशील?" मुलगा हसला, "तिघांत." मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे माझं चुकलं." तेवढ्यात घंटा झाली, संकलन-उपयोजन राहून गेलं. 'पाठ अपूर्ण' हा शेरा आम्हीच लिहिला, गुणही आम्हीच कापले. फलकलेखनाला गुण होते, आवाजाला होते. त्या भाकरीला रकाना नव्हता. तो कसा करता येईल, यावर प्रश्नोत्तरांत बोलू.