स्कायबस का चालली नाही?

भविष्याचं स्वप्न दाखवून मागे पडलेल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "स्कायबसची कल्पना काय सुंदर होती हो! आपणच तिला मारलं." आज या वाक्याचीच जरा तपासणी करू.

आधी कल्पना काय होती ते पाहू. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि तिथल्या अभियंत्यांचा आत्मविश्वास साहजिकच वाढला होता. पुढे बी. राजाराम कोकण रेल्वेचे व्यवस्थापकीय संचालक असताना त्यांनी स्कायबस मांडली. रस्त्याच्या मधोमध खांब, त्यांवर काँक्रीटची पेटी, पेटीच्या आत रूळ, आणि डबे मात्र खाली लटकलेले. घरं पाडायला नकोत, जमीन फारशी घ्यायला नको, खर्च मेट्रोपेक्षा कमी, असा दावा होता. कागदावर हे आकर्षक होतं, यात वाद नाही.

मडगावला १.६ किलोमीटरचा चाचणी मार्ग उभा राहिला. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीच्या वेळी अपघात झाला आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. त्यानंतर मार्ग पुढे वाढलाच नाही. २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

मग अपघातानं स्कायबस संपवली का? इथे जर्मनीतलं वुपरटाल आठवायला हवं. तिथली लटकती रेल्वे १९०१ पासून धावते आहे. लांबी तेरा किलोमीटरच्या थोडी वर. एप्रिल १९९९ मध्ये दुरुस्तीच्या वेळी रुळावर राहून गेलेल्या एका लोखंडी तुकड्यामुळे तिचा डबा खाली नदीत कोसळला आणि पाच माणसं गेली. म्हणजे मडगावपेक्षा मोठी दुर्घटना. तरी ती रेल्वे काही आठवड्यांत पुन्हा सुरू झाली.

फरक कुठे पडला? वुपरटाल हे अरुंद खोऱ्यात नदीकाठानं पसरलेलं गाव. जमिनीवर जागाच नव्हती, म्हणून गाडी नदीच्या वर टांगली. अपघात झाला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं लोक तिनं कामावर जात होते. ती बंद पडली तर गावाचं अडलं असतं. मडगावच्या १.६ किलोमीटरवर कुणाचं काय अडणार होतं? तिकीट काढून रोज बसणारा एकही प्रवासी तिला मिळाला नव्हता.

आणि दुसरी बाजूही बघा. वुपरटालची गाडी चालली, पण जगभर पसरली नाही. साध्या रुळांवरच्या गाडीचे सुटे भाग, कारागीर, नियम सगळीकडे तयार असतात. वेगळी गाडी आणली की हे सगळं एकट्यानं उभं करावं लागतं, आणि तेही वर्षानुवर्षं. हा खर्च दाव्यांच्या तक्त्यात सहसा दिसत नाही.

म्हणून "आपणच मारलं" हे म्हणणं मला पटत नाही. त्यात आणखी एक खटकणारी गोष्ट आहे. त्या वाक्यात शोधाचं दुःख असतं, गेलेल्या कर्मचाऱ्याचं नसतं. अपघात म्हणजे जणू मध्येच आलेलं विघ्न! अहो, चाचणी असते कशासाठी? दोष सापडावेत म्हणूनच ना? दोष सापडला की तो जाहीरपणे समजून घ्यायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा तपासायचा. एवढा धीर नसेल तर तो चाचणी मार्ग न राहता प्रदर्शन होतो.

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. मुंबई-पुणे हायपरलूपची घोषणा २०१८ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं प्रकल्पाला मान्यताही दिली. अर्ध्या तासाच्या आत पुणे! २०२० मध्ये अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात सुमारे ५०० मीटरच्या नळीतून दोन माणसं बसून गेली. ती दोघंही कंपनीचीच. २०२३ अखेर कंपनी बंद झाली. त्या काळात वेगाची चर्चा भरपूर ऐकली. तासाला किती माणसं जातील, मध्येच नळीत अडकली तर बाहेर कशी काढणार, हे किती जणांनी विचारलं?

पुढची अशी घोषणा येईलच. तेव्हा वेग आणि चित्रफीत बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारा. ही गाडी उद्या बंद पडली तर कुणाचं अडेल? आणि ती दुरुस्त करायला कोण येईल? उत्तर मिळालं तर जरूर टाळ्या वाजवू.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ या.