'विरोधी' की 'वेधी'?

पेशीच्या सांगाड्यातील प्रथिने ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत प्रतिपिंडे वापरतात. १९७४ साली लाझारिडेस व वेबर यांनी ॲक्टिनच्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने स्नायूंखेरीज इतर पेशींतीलही ॲक्टिनचे तंतू दाखविले. इंग्रजी उपसर्गास अनुसरून अशा प्रतिपिंडास 'ॲक्टिनविरोधी' म्हणावे काय? हे पद कसोटीस उतरत नाही. विरोधात वैर अभिप्रेत असते. येथे कार्य ओळखीचे आहे. सशापासून मिळविलेल्या प्रतिपिंडाचा माग काढण्यासाठी शेळीपासून मिळविलेले दुसरे, प्रकाशमान द्रव्य जोडलेले प्रतिपिंड वापरतात. त्यास मग 'ससाविरोधी' म्हणावे लागेल!

'ॲक्टिनवेधी' हे पद अधिक यथार्थ होय. शब्दवेधी बाण ध्वनीचा वेध घेतो. मात्र दशरथाचा तसाच बाण हत्तीऐवजी श्रावणास लागला. प्रतिपिंडही प्रथिनाचा एक लहानसा भाग तेवढा ओळखते. तत्सदृश भाग अन्य प्रथिनात असल्यास तेथेही ते चिकटते.

ही शंका केवळ शाब्दिक नव्हे. खारघर येथील ॲक्ट्रेक संस्थेत मुखाच्या कर्करोगातील केराटिन ८ व १८ यांचे संशोधन झाले आहे. मानवी केराटिनांचे प्रकार पन्नासाहून अधिक असून त्यांत पुष्कळ साम्य आहे. म्हणून 'केराटिन आढळले' असे लिहिण्यापूर्वी, ते प्रथिन मुळीच नसलेल्या पेशी त्याच प्रतिपिंडाने उजळत नाहीत ना, हे तपासणे अवश्य आहे. दिसतो तो प्रकाश. प्रथिन हे त्यावरून केलेले अनुमान. 'विरोधी' हे पद हा भेद झाकते, 'वेधी' त्याचे स्मरण देते.