आधार किती, साक्षीदार किती?

आमच्या पाहण्यांत आलेल्या कांहीं निबंधांत टीपा पुष्कळ, पण प्रमाण थोडें असें आढळतें. शिवजन्मतिथीचें उदाहरण घ्यावें. शके १५४९ हें वर्ष अनेक ग्रंथांत होतें. परंतु मागच्याचें पुढच्यानें उतरून घेतलें असेल, तर दहा ग्रंथ मिळून साक्षीदार एकच. उलट शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथि जेधे शकावली व समकालीन परमानंदाचें शिवभारत या दोन भिन्न साधनांत मिळते; म्हणून तिचें वजन अधिक.

‘बखरींत म्हटलें आहे’ एवढ्यानें भागत नाहीं. सभासदानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत लिहिलें, चिटणिसानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं. दोघांस एका पंक्तीस कसें बसवावें? मूळ कागद न पाहतां दुसऱ्याच्या ग्रंथांतून उतारा घेतला, तर नांव त्या ग्रंथाचेंही द्यावें. केवळ मूळाचें देणें ही खोटी साक्ष होय. शब्द दुसऱ्याचे असल्यास ते अवतरणचिन्हांत ठेवावे, व त्यांवरून काढलेलें अनुमान लेखकानें आपल्या पदरीं घ्यावें.

मल्लिनाथाची प्रतिज्ञा दुहेरी होती: निर्मूल लिहिणार नाहीं, आणि अनपेक्षित सांगणार नाहीं. टीपांचे ढीग रचणारांनीं तिचें उत्तरार्धही स्मरावें.