मोकळा गळा

मागच्या आठवड्यात जळगावच्या व्याख्यानानंतर एक नवविवाहित मुलगी आम्हाला थांबून भेटली. नोकरीनिमित्त जपानला निघालेली. "सर, किमोनोवर चेन चालते का?" सोबत तिची आई होती. तिचा प्रश्न निराळा. "मंगळसूत्र तर काढावं लागणार नाही ना?" तेव्हा आम्ही घाईत उत्तर दिलं. आज धुळ्यात जरा सावकाश बोलू.

मुलीचं उत्तर सोपं आहे. कोणी अडवणार नाही, पण शोभणार नाही. किमोनोची गळपट्टी पुढे एकावर एक येते. चेन तिच्यात अडकते, नाहीतर आत लपते. म्हणून दागिना केसांत जातो, त्याला कान्झाशी म्हणतात, किंवा कमरेच्या ओबीवरच्या दोरीत ओवला जातो, तो ओबिदोमे. जपान्यांना माळा ठाऊक नव्हत्या असं समजू नका. कोफुन काळातल्या थडग्यांत वळणदार मण्यांच्या माळा सापडतात. मग सातव्या-आठव्या शतकानंतर गळ्यातला दागिना जवळजवळ नाहीसाच झाला, तो परतला मेजी काळात, पाश्चात्त्य पोशाखाबरोबर.

मधल्या हजार वर्षांत गळा रिकामा होता का? कुकी शूझो हे जपानी तत्त्वज्ञ युरोपात हायडेगरपाशी शिकून आले आणि १९३० साली त्यांचं 'इकीची संरचना' हे पुस्तक निघालं. इकी म्हणजे आकर्षण, ताठपणा आणि विरक्ती यांचं मिश्रण. मागची गळपट्टी खाली ओढून मान किंचित उघडी ठेवणं, हे त्यांचं एक उदाहरण. दागिना नाही, हाच दागिना. विचार सुंदर आहे, पण आमची तक्रार आहे. कुकी ती मान पाहणाऱ्याच्या जागेवरून पाहतात. जिची मान आहे, तिला काय वाटतं, हे त्यांच्या पुस्तकात शोधावं लागतं.

आणि मोकळा गळा आपल्याकडे आणला की त्याचा अर्थच उलटतो, बघा. आपल्या खान्देशात कापसाचे पैसे आले की सोनं घ्यायचं, जळगावला तर सुवर्णनगरीच म्हणतात. गोफ, बोरमाळ, मोहनमाळ ही नुसती शोभा नाही, ती घराची खातेवही आहे. (हल्ली सोनसाखळी चोरांच्या भीतीने बायका सकाळी फिरताना पदर गळ्याभोवती घट्ट घेतात. तेवढा वेळ आपणही जपानी!) त्यामुळे आपल्याकडे मोकळ्या गळ्याला विरक्ती कोणी म्हणत नाही. लोक विचारतात, काय झालं?

आमच्या आत्याचे यजमान गेले, त्या दिवशी मंगळसूत्र तर गेलंच, पण तिच्या आईने दिलेला गोफही पेटीत गेला. त्याचा नवऱ्याशी काय संबंध होता? आम्ही तेव्हा तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो, आणि हा प्रश्न विचारला नाही. पुढे प्रत्येक आखाजीला ती माहेरी यायची. पोरीबाळी झोक्यावर, आणि ही मागच्या दारी, पदर गळ्याशी धरून.

जपानमध्ये शोकाच्या काळ्या पाश्चात्त्य पोशाखावर मोत्यांची माळ चालते. एकपदरीच हं, दुपदरी नाही, कारण दुःख पुन्हा येऊ नये. चमकणारं सोनं टाळतात. तोही नियमच आहे, आणि नियमाचा जाच तिथेही असेल. पण तिथे दुःखात बाई गळ्यात काही घालते, आपल्याकडे काढून घेतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्याच महिन्यात शासनाने इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. म्हणजे गळ्याचा प्रश्न ग्रामसभेपर्यंत पोचायला २०२२ उजाडलं.

राहिला आईचा प्रश्न. आम्ही तिला म्हणालो, "बाई, काढावं लागणार नाही, किमोनोच्या आत राहील. दिसणार मात्र नाही."

ती म्हणाली, "मग घालून काय उपयोग?"

मुलगी हसली. आम्ही नाही हसलो.