अनुभवगुण कोणाच्या वाट्याला?

जपानी आरपीजींची तुलना करताना दोन प्रश्न हटकून येतात: पात्रं कशी आहेत, आणि ग्राइंडिंग, म्हणजे बळ वाढवण्यासाठी त्याच त्या लढाया, किती करावं लागतं? समीक्षक त्यांची उत्तरं वेगवेगळ्या परिच्छेदांत देतात. मला मात्र हा एकच प्रश्न वाटतो. पात्राची लेव्हल वाढवणारे लढाईनंतरचे अनुभवगुण गेम कोणाला देतो, यावरून त्याला आपल्या पात्रांची किती कदर आहे ते कळतं.

१९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये वाटणीचा प्रश्नच नव्हता. नायक एकटा, समोर शत्रूही एकच. स्लाइम मारला की एक गुण. बळ वाढलं की पूल ओलांडून पुढच्या मुलखात जायचं. युजी होरी यांच्या या रचनेत लेव्हल वाढणं हीच कथा होती.

सोबती वाढले तशी गुंतागुंतही वाढली. १९९४च्या 'फायनल फँटसी ६'मध्ये १४ पात्रं आहेत. जग उद्ध्वस्त झाल्यावर ती विखुरतात, त्यांना पुन्हा शोधावं लागतं आणि अखेरीस तीन तुकड्या करून खलनायक केफ्काच्या मनोऱ्यात शिरावं लागतं. चारच लाडक्यांना वाढवणाऱ्या खेळाडूला इथे घाम गाळावा लागतो. पण ही शिक्षा कथेला धरून आहे. हे जग एकट्यादुकट्याच्या जोरावर वाचणारं नाही.

कोनामीच्या 'सुइकोडेन'ने १९९५ मध्ये १०८ जण गोळा केले. त्यांतले सगळे लढत नाहीत, अनेकांच्या वाट्याला संवादही मोजकेच. तरी नियम उदार आहे: शत्रूपेक्षा लेव्हल जितकी खाली, तितके गुण जास्त. मागे पडलेला सोबती दोन-चार लढायांत बरोबरीला येतो, त्यामुळे त्याला संधी द्यायला मन कचरत नाही.

'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' (२०१८) इथेच कमी पडतो. आठ नायक, पण लढायला चौघेच. बाकीच्यांना गुण नाहीत. सुरुवातीला निवडलेला नायक त्याची कथा संपेपर्यंत हलवता येत नाही, म्हणून तो फार पुढे जातो. सगळ्यांच्या कथा बघायच्या तर सगळ्यांना वाढवा, आणि एवढं करूनही एकाच्या कथेत इतर सात जण जवळजवळ गैरहजर! एवढ्या सुंदर गेममधली ही उणीव जिव्हारी लागते.

'पर्सोना ५' (२०१६) मला सर्वांत शहाणा वाटतो. तिथे मिशिमा या वर्गमित्राशी मैत्री वाढवली की राखीव सोबत्यांनाही अनुभवगुण मिळू लागतात. माणसं जोडल्यानेच कष्ट हलके होतात, आणि गेमला नेमकं हेच सांगायचं आहे.

आता जुन्या गेमच्या काही नव्या आवृत्त्यांत गुण चौपट करण्याची किंवा लढायाच बंद करण्याची सोय असते. वेळ कमी असलेल्यांना ती हवीच. पण त्यामुळे जुनी वाटणी बदलत नाही. दुर्लक्षित पात्र दुर्लक्षितच राहतं. नवा गेम घडवताना पात्र लिहिणारे आणि लढाईचे आकडे ठरवणारे यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसायला हवं. पात्र कथेत महत्त्वाचं असेल, तर ते खेळातही सहज सोबत नेता आलं पाहिजे.